लग्न लागले, नोंद झाली काय?

वैशाख लागला की चिपळूण परिसरात मांडवांची दाटी होते. मुंबईचे चाकरमानी रजा काढून गावी येतात, बंद घरांची दारे उघडतात आणि एकेका वाडीत एकाच आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन कार्ये उरकतात. या कार्यात लिहून ठेवण्याजोगी प्रत्येक गोष्ट कोणी ना कोणी लिहून ठेवीत असतो. आहेर कोणाचा किती आला याची वही असते, मांडववाल्याचा हिशेब असतो, जेवणावळीच्या सामानाची यादी असते. पत्रिका छापलेली असते आणि तीवर मुहूर्ताची घटका-पळेही असतात. मात्र विवाह झाला, तो अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक दोघांचा झाला, एवढी एकच ओळ शासनाच्या नोंदवहीत लिहून घेण्याचे पुष्कळदा राहून जाते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी त्या एका ओळीची गरज पडते तेव्हा आहेराची वही कोणी मागत नाही.

विवाह नोंदणी ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. तत्कालीन मुंबई राज्याने १९५३ मध्येच यासाठी स्वतंत्र कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ‘सीमा विरुद्ध अश्वनीकुमार’ या प्रकरणात सर्व धर्मांच्या नागरिकांचे विवाह सक्तीने नोंदविण्याची व्यवस्था राज्यांनी करावी, असा निर्देश दिला, त्या वेळी ज्या थोड्या राज्यांत असा कायदा आधीपासून होता त्यांत महाराष्ट्राची गणना झाली. आज महाराष्ट्रात जो कायदा लागू आहे त्याचे नाव ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८’ असे लांबलचक आहे. नावात १९९८ असले तरी तो अमलात आला १९९९ मध्ये, आणि त्याने जुन्या १९५३ च्या कायद्याची जागा घेतली. वधूवर सूचक मंडळांवर नियंत्रण आणि विवाहांची नोंद हे दोन विषय एकाच कायद्यात का बांधले, असा प्रश्न वाचकास पडेल. परंतु स्थळ पाहण्यापासून दाखला मिळेपर्यंतची सारी वाट एकाच कायद्याने आखली, असे म्हणून तूर्त समाधान मानावयास हरकत नाही.

परवाना नव्हे, नोंद

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले लग्नासाठी गावी येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, ‘लग्नाचा परवाना कोठे मिळतो?’ हा प्रश्न त्यांच्या तिकडील अनुभवातून येतो. अमेरिकेत विवाहापूर्वी स्थानिक परगण्याच्या किंवा नगराच्या कार्यालयातून परवाना घ्यावा लागतो. न्यूयॉर्क राज्यात तो मिळाल्यावर चोवीस तास थांबावे लागते आणि साठ दिवसांच्या आत विवाह करावा लागतो. कॅलिफोर्नियात ही मुदत नव्वद दिवसांची आहे. विवाह लावणाऱ्याने त्याच कागदावर सही करून तो कार्यालयाकडे परत पाठवावयाचा असतो. म्हणजे तेथे अनुज्ञा आधी आणि विधी नंतर.

आपल्याकडे धार्मिक किंवा रूढीप्रमाणे होणाऱ्या सर्वसाधारण विवाहास कोणाचीही अशी पूर्वअनुज्ञा लागत नाही. विधी आधी होतो. झालेल्या गोष्टीची नोंद मागाहून होते. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज अमदानीपासून निराळी परंपरा आहे. तेथे वधूवरांना प्रथम नागरी नोंदणी कार्यालयात जाऊन विवाहाचा इरादा जाहीर करावा लागतो आणि ठरावीक मुदतीनंतर पुन्हा जाऊन सही करावी लागते. गोव्यातील माणसे ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ असे म्हणतात ते यावरूनच. गोव्याशी सोयरिक जोडणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवावा. तेथे होणाऱ्या लग्नात आधी मांडव आणि मग कार्यालय असा क्रम चालत नाही.

महाराष्ट्रात आधी कार्यालय आणि मग विवाह हा क्रम ज्या एका मार्गात येतो तो म्हणजे विशेष विवाह अधिनियम, १९५४. त्याचा विचार पुढे केला आहे. त्याआधी बहुसंख्य कुटुंबांना ज्या मार्गाने जावयाचे आहे तो पाहू.

नगर परिषद की ग्रामपंचायत?

१९९८ च्या अधिनियमाखाली नोंद करण्याचे काम सरकारने लोकांच्या दाराशी आणून ठेवले आहे. शहरात ते नगर परिषदेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आणि खेड्यात ग्रामपंचायतीकडे, म्हणजे पूर्वी ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत असू आणि २०२४ मधील निर्णयानंतर ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाते त्यांच्याकडे आहे. म्हणून चिपळूण नगर परिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी नगर परिषदेकडे आणि तालुक्यातील गावांत राहणाऱ्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीकडे जावयाचे.

हे ऐकावयास सोपे असले तरी हद्दीच्या कडेला घोटाळा होतो. खेर्डीचे उदाहरण घ्या. बाजारपेठेतून चालत निघालेल्या माणसाला चिपळूण कोठे संपले आणि खेर्डी कोठे लागली हे घरांवरून सांगता येणार नाही. तरीही खेर्डीचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. पत्रिकेवर ‘मु. पो. चिपळूण’ छापले म्हणून खेर्डीचे घर नगर परिषदेच्या वहीत जात नाही. लग्न शहरातील सभागृहात, मुलाचे घर सावर्ड्यास आणि मुलीचे माहेर गुहागर तालुक्यात, अशी स्थिती असेल तर कोणत्या कार्यालयात अर्ज करावयाचा हे लग्नाआधीच एकदा जाऊन विचारून घ्यावे. वर किंवा वधू यांपैकी कोणाचे राहण्याचे ठिकाण त्या हद्दीत आहे हा त्यातील मुख्य मुद्दा असतो आणि त्याचा लेखी पुरावा द्यावा लागतो.

अर्जास कायद्याच्या भाषेत ‘ज्ञापन’ म्हणतात. ते नमुना ‘ड’ मध्ये भरावयाचे असते. त्यात वधू आणि वर यांची नावे, वय, पत्ता, विवाहापूर्वीची स्थिती, विवाहाची तारीख आणि ठिकाण येते. विवाह लावणारे पुरोहित, काझी किंवा अन्य धर्मोपदेशक यांची माहिती आणि सही येते. आणि तीन साक्षीदारांच्या सह्या येतात. सोबत दोघांच्या वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, छायाचित्रे, लग्नपत्रिका आणि विवाहप्रसंगीचे छायाचित्र जोडतात. वर किंवा वधू विधुर, विधवा अथवा घटस्फोटित असल्यास पूर्वीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत लागते. पती, पत्नी आणि साक्षीदार यांनी स्वतः हजर राहावयाचे असते. सर्व ठीक असल्यास नोंद होऊन नमुना ‘इ’ मधील प्रमाणपत्र मिळते.

या यादीतील एक-दोन बाबींकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. पहिली बाब नावाची. लग्नात तांदुळाच्या ताटात नवे नाव लिहिण्याची आपल्याकडे हौस आहे. तो सोहळा घरापुरता गोड आहे, पण ज्ञापनात वधूचे विवाहापूर्वीचे नाव तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे अक्षरशः तसेच लिहावे. विवाहानंतर नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. बदलावयाचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेण्याची रीत आहे आणि त्या कामी विवाहाचे प्रमाणपत्रच आधार म्हणून दाखवावे लागते. इंग्रजी लिपीतील नावांची अक्षरेही आधारपत्राशी आणि पारपत्राशी जुळवून घ्यावीत. कोकणात एकाच आडनावाची तीन-तीन वळणे चालतात. घरात त्याने काही बिघडत नाही, पण आखातात नोकरीस असलेल्या पतीकडे जावयास निघालेल्या पत्नीचे काम एका जास्तीच्या अक्षरावर अडून राहू शकते. अशा परदेशगमनासाठी प्रमाणपत्रावर त्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे ‘अपोस्टिल’ किंवा वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते आणि ते मूळ प्रमाणपत्रावरच होते.

दुसरी बाब मुदतीची आणि ती कोकणासाठी विशेष महत्त्वाची आहे. ज्ञापन विवाहाच्या तारखेपासून नव्वद दिवसांत सादर करावयाचे असते. आता हिशेब करून पाहा. १० मे रोजी लग्न लागले, तर नव्वद दिवस ८ ऑगस्टला भरतात. २५ मेचे लग्न धरले, तर २३ ऑगस्टला. चाकरमानी मंडळी मेअखेर मुंबईस परततात ती गणपतीलाच पुन्हा गावी येतात, आणि गणेशचतुर्थी ऑगस्टच्या अखेरच्या दहा दिवसांपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येते. ‘आता गडबड आहे, गणपतीत आलो की करू,’ हे वाक्य घरोघरी बोलले जाते, आणि बोलणाऱ्याच्या हे ध्यानी येत नाही की गणपती येईतो मुदत बहुधा उलटलेली असेल. मुदत उलटली म्हणून दार बंद होत नाही. विलंबाचे कारण देऊन आणि ज्यादा शुल्क भरून नोंद करता येते. पण जसजसे महिने जातात तसतशी पत्रिका सापडत नाही, भटजी दुसऱ्या गावी गेलेले असतात, आणि तीन साक्षीदारांपैकी एक सुरतेस, एक पुण्यास अशी पांगापांग झालेली असते.

यावर उपाय साधा आहे. लग्नानंतर पाहुणे पांगण्यापूर्वी जे चार दिवस मिळतात त्यांतच हे काम उरकावे. देवदर्शनास परशुरामाला जाण्याचा दिवस जसा ठरवितात, तसा ग्रामपंचायतीत जाण्याचाही दिवस ठरवावा. भटजींची सही मांडवातच घेऊन ठेवावी. विवाह नोंदणीचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवांपैकी एक आहे. तो किती दिवसांत मिळावयास हवा, त्यास शुल्क किती आणि तो वेळेत न मिळाल्यास अपील कोणाकडे करावयाचे, हे कार्यालयातील फलकावर लिहिलेले असले पाहिजे. तो फलक वाचण्याची सवय नागरिकांनी लावून घ्यावी.

वयाविषयी एक इशारा येथेच देणे योग्य. वराचे वय २१ आणि वधूचे वय १८ पूर्ण झालेले असल्याचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रातील गावांमध्ये विवाहाची नोंद करणारा जो अधिकारी, त्याच्याकडेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणूनही जबाबदारी असते. तेव्हा वय दोन वर्षांनी वाढवून सांगितल्यास खपून जाईल, अशी आशा कोणी बाळगू नये.

रत्नागिरीची वाट

वेगवेगळ्या धर्मांची दोन माणसे आपापला धर्म न सोडता विवाह करू इच्छितात, किंवा एकाच धर्माची असून कोणताही धार्मिक विधी नको म्हणतात, तेव्हा विशेष विवाह अधिनियम, १९५४ त्यांच्या कामी येतो. लोक त्यास ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात आणि त्या नावाच्या भरवशावर चिपळूणच्या न्यायालयाच्या आवारात जाऊन चौकशी करतात. वस्तुतः या विवाहाचा न्यायालयाशी संबंध नाही. तो विवाह अधिकाऱ्यापुढे होतो आणि आपल्या जिल्ह्यांत हे काम जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या दुय्यम निबंधकाकडे सोपविलेले असते. चिपळुणास दस्त नोंदणीचे कार्यालय असले तरी या विवाहासाठी सुमारे नव्वद किलोमीटरवरील रत्नागिरी गाठावी लागते.

या कायद्याच्या पाठीशी मोठा इतिहास आहे. १८७२ च्या तिसऱ्या अधिनियमाने नागरी विवाहाची सोय केली, पण वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत ही अट न पाळता विवाह करण्याची मोकळीक मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी नवी दिल्लीस बाबासाहेबांच्या निवासस्थानी झाला तो असा नोंदणी पद्धतीनेच. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, आणि शारदाबाईंचे घराणे राजापूर तालुक्यातील डोर्ल्याचे. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या दोन टोकांची ही दोन घरे एका नोंदवहीत एकत्र आली. १९५४ च्या कायद्याने धर्म नाकारण्याची अट सर्वांसाठीच काढून टाकली.

या मार्गातील पहिली पायरी म्हणजे विवाहाच्या इराद्याची नोटीस. वधू किंवा वर यांपैकी निदान एकाने नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य केलेले असावे लागते. नोटीस विभागाच्या संकेतस्थळावरूनही भरता येते. ती विवाह नोटीस वहीत नोंदली जाते आणि कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते. ज्या जिल्ह्यात नोटीस दिली तेथे एखादा पक्ष कायमचा राहणारा नसेल, तर नोटिशीची प्रत त्याच्या कायमच्या वास्तव्याच्या जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तेथेही लावली जाते. मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या चिपळूणच्या तरुणाने तेथे नोटीस दिली, तर तिची प्रत रत्नागिरीस येणार हे त्याने गृहीत धरावे.

नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. पण हरकतीची कारणे कायद्यानेच ठरवून दिली आहेत. पहिला पती किंवा पत्नी हयात असणे, संमती देण्याइतके मन सुस्थितीत नसणे, वय पूर्ण नसणे, निषिद्ध नात्यात विवाह होत असणे, एवढीच ती कारणे. घराण्याला कमीपणा येतो, वडिलांचा विरोध आहे, जात निराळी आहे, ही कारणे कायद्याच्या लेखी हरकतच नव्हेत. हरकत आल्यास विवाह अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावयाचा असतो. त्याने हरकत उचलून धरल्यास जिल्हा न्यायालयात अपील करता येते. हरकत वाजवी नाही आणि सद्भावनेने घेतलेली नाही असे दिसून आल्यास ती घेणाऱ्यावर एक हजार रुपयांपर्यंत भरपाई बसविण्याची तरतूदही आहे. १९५४ मध्ये हजार रुपये ही धाक बसविणारी रक्कम होती. आज ती तशी राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

अशा प्रसिद्धीमुळे प्रौढ आणि जाणत्या माणसांच्या खासगी निर्णयाची दवंडी पिटली जाते, असा आक्षेप फार दिवसांचा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणे हे विवाहेच्छू जोडप्याच्या इच्छेवर ठेवावे असा निर्णय दिला. परंतु कायद्याचे कलम बदललेले नाही आणि महाराष्ट्रात नोटीस लावण्याची पद्धत चालू आहे. जोडप्याने हे जाणूनच पाऊल टाकावे.

हरकतीविना ३० दिवस गेले की विवाह होऊ शकतो. मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांत तो न झाल्यास नोटीस रद्द होते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. विवाहाच्या दिवशी वधू, वर आणि तीन साक्षीदार विवाह अधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापनावर सह्या करतात. त्यानंतर दोघांनी एकमेकांस उद्देशून, आपण परस्परांस कायदेशीर पती व पत्नी म्हणून स्वीकारीत आहोत असे, सर्वांस समजेल अशा भाषेत म्हणावयाचे असते. मराठीत म्हटले तरी चालते, हे सांगावयाचे कारण असे की पुष्कळांना तेथे काही अवघड इंग्रजी बोलावे लागेल अशी धास्ती असते. हे शब्द उच्चारल्यावाचून विवाह पूर्ण होत नाही. विवाह कसा करावा हे पक्षांनी ठरवावे, पण हे शब्द गाळता येत नाहीत. मग प्रमाणपत्र वहीत उतरते आणि तो विवाहाचा निर्णायक पुरावा ठरतो.

या मार्गाचा एक परिणाम कोकणातील कुटुंबांनी विशेष समजून घ्यावा, कारण आपल्याकडील सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला वीस-वीस नावे असतात. अविभक्त हिंदू कुटुंबातील माणसाने या कायद्याखाली विवाह केला, तर तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते, आणि पुढील वारसाहक्क भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे चालतो. विभक्त होणे म्हणजे वाटा गमावणे नव्हे. त्याचा जो हिस्सा असेल तो त्याचाच राहतो. शिवाय १९७६ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन्ही पक्ष हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर या दोन्ही तरतुदी त्यांना लागूच होत नाहीत. ‘रजिस्टर लग्न केलेस तर जमिनीला मुकशील,’ अशी धमकी वाड्यावाड्यांतून अजून ऐकू येते. ती किती पोकळ आहे हे यावरून दिसेल.

आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्यांपैकी एक अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातील असल्यास शासनाच्या प्रोत्साहन योजनेतून ५०,००० रुपयांचे अर्थसाहाय्य मिळते. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे करावयाचा असतो. त्या अर्जास विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावेच लागते.

नोंद काय सिद्ध करते?

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. नोंद केली नाही म्हणून झालेला विवाह रद्द ठरत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये हे स्पष्ट सांगितले आहे. आणि याच्या उलट, नुसती नोंद केली म्हणून न झालेला विवाह झाला असेही होत नाही. २०२४ मध्ये ‘डॉली राणी विरुद्ध मनीषकुमार चंचल’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले. तेथे विधी झालाच नव्हता. केवळ एका संस्थेचा दाखला मिळवून त्यावरून नोंद करून घेतली होती. हिंदू विवाह अधिनियमाखाली रूढीप्रमाणे विधी झाल्यावाचून कागदाला अर्थ नाही, असे न्यायालयाने ठरविले. नोटरीपुढे शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून ‘आम्ही पती-पत्नी झालो’ असे समजणाऱ्या तरुण-तरुणींनी यावरून बोध घ्यावा. तो कागद विवाहही नव्हे आणि विवाहाची नोंदही नव्हे.

मग नोंदीचे मोल काय? ते पुराव्याचे. विवाह झाला की नाही हा वाद उभा राहतो तो सुखाच्या दिवसांत नव्हे. पती मुंबईत दुसरे बिऱ्हाड थाटतो तेव्हा, किंवा तो अकस्मात वारतो आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, कुटुंब निवृत्तिवेतन यांवर दोन स्त्रिया हक्क सांगतात तेव्हा हा प्रश्न येतो. गावी सासू-सासऱ्यांची सेवा करीत राहिलेल्या बाईजवळ अशा वेळी काय असते? मंगळसूत्र, एक-दोन जुनी छायाचित्रे, आणि साऱ्या गावाला ठाऊक आहे हा विश्वास. गाव साक्षीस येईलही. पण कार्यालयाच्या खिडकीतला कारकून कागद मागतो.

विधीचा पुरावा देणे किती कठीण असते याचे उदाहरण महाराष्ट्रातूनच घडले. ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६५ मधील निवाड्यात पहिली पत्नी हयात असता दुसरा विवाह केल्याचा आरोप होता आणि दुसरा विवाह गांधर्व पद्धतीने लावल्याचे सांगितले गेले. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण दुसऱ्या विवाहात आवश्यक धार्मिक विधी झाले होते, किंवा ते न करण्याची रूढी होती, हे सिद्ध झाले नाही. द्विभार्येचा गुन्हा शाबीत करण्यास दुसरा विवाहही विधिपूर्वक झालेला दाखवावा लागतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४९४ व्या कलमाखाली असलेला हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमात आला, तरी हे तत्त्व तसेच आहे. पहिल्या पत्नीच्या हाती निदान आपल्या स्वतःच्या विवाहाचा असा पुरावा असावा की ज्यावर वाद घालता येणार नाही. तो पुरावा सप्तपदीच्या आठवणीवर अवलंबून नसावा. २००६ च्या निवाड्यातही सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले: नोंद हा वैध विवाहाचा अंतिम पुरावा नसला तरी त्याचे पुराव्यातील मोल मोठे आहे.

म्हणूनच हे काम मुलीच्या आईवडिलांनी पुढाकार घेऊन करावे, असे सुचवावेसे वाटते. पाठवणीच्या वेळी भांडीकुंडी, कपाट यांची यादी तपासणाऱ्या मंडळींनी प्रमाणपत्राची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या हाती आहे ना, हेही पाहावे. ते विचारणे म्हणजे जावयावर अविश्वास दाखविणे नव्हे. भूखंड घेताना भावाभावांतही खरेदीखत करतातच.

पुरात वाहून गेलेले कागद

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. बाजारपेठेत पुरुषभर उंचीच्याही वर पाणी चढले आणि एस.टी. स्थानकातील गाड्या बुडाल्या. त्याआधी २६ जुलै २००५ च्या पुरानेही असाच हाहाकार केला होता. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरातून चिखलाचे लोंढे उपसले, त्यांत ट्रंकेतील कागदांचा लगदाही होता. शाळेचे दाखले, विम्याचे कागद, जमिनीची खरेदीखते, लग्नाचे आल्बम, सारे एकच झाले.

ज्यांचा विवाह नोंदलेला आहे त्यांना अशा प्रसंगी एवढा दिलासा असतो की घरातील कागद ही केवळ प्रत होती. मूळ नोंद कार्यालयात आहे. नोंदवहीचा प्रमाणित उतारा ठरलेले शुल्क भरून पुन्हा घेता येतो आणि तो पुराव्यात ग्राह्य असतो. मात्र उतारा मागताना नोंदणी क्रमांक आणि दिनांक सांगता आला तर शोध लवकर लागतो. ते दोन आकडे एखाद्या नातलगाच्या मुंबईच्या घरी लिहून ठेवावेत, प्रमाणपत्राचे छायाचित्र भ्रमणध्वनीत आणि शक्य तर शासनाच्या डिजिलॉकरसारख्या सोयीत जपून ठेवावे. प्रमाणपत्र माळ्यावर ठेवावे. तळमजल्याच्या कपाटात ठेवू नये.

ज्यांचे लग्न होऊन वीस-तीस वर्षे झाली आणि नोंद राहून गेली, त्यांनाही ती आता करता येते. लग्नाच्या वेळी हजर असलेले तीन जण अजून हयात आहेत तोवर जावे. त्यांचे ओळखपत्र, पत्रिका नसल्यास तत्कालीन छायाचित्र, मुलांच्या जन्मदाखल्यांवरील आईवडिलांची नावे, शिधापत्रिका, असे जे काही हाताशी असेल ते घेऊन आपल्या नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत प्रथम चौकशीस जावे आणि कोणते कागद पुरतील, कोणत्या बाबीसाठी प्रतिज्ञापत्र लागेल हे लिहून आणावे. कार्यालयात जाण्यापूर्वी साक्षीदारांना वार कळवून ठेवावा, म्हणजे मुंबईच्या माणसाला एकाच फेरीत सही करून रात्रीची गाडी गाठता येते.